कांचेंतला समुद्र आणि खडकांतला समुद्र



छंदांचीही एक चढती श्रेणी असते. ज्याचें तिकिटें जमवून समाधान होत नाहीं तो फुलझाडांकडे वळतो. फुलझाडें हालत-बोलत नाहींत म्हणून कोणी पक्षी पाळतो. आणि ज्याला घरांत गोंगाट नको असतो तो मासे पाळतो. दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत गोड्या पाण्याची टाकी, तींत चार सोनेरी मासे आणि तळाशीं रंगीत वाळू, हें दृश्य आपल्या शहरांतील घरांतून आतां नवें राहिलेलें नाहीं. परंतु या श्रेणीचें टोंक याहून पुष्कळच उंच आहे. खाऱ्या पाण्याची टाकी मांडून तींत समुद्राचा एक जिवंत तुकडा नांदविणें, हा तो छंद होय. त्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. ते सांगतांना मी आपणांस डहाणूच्या किनाऱ्यावर घेऊन जाणार आहें. कारण ही विद्या दुकानांत जितकी शिकतां येते, त्याहून अधिक ती ओहोटीच्या वेळीं खडकांत शिकतां येते.

या छंदाचा इतिहास फार जुना नाहीं. पण तो बोधप्रद आहे. 1853 सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहोद्यानांत जगांतील पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञानें या विषयावर सचित्र ग्रंथ लिहिला. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठीं क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल तयार करण्याचे प्रयोगही त्यानें केले. मग काय विचारतां! इंग्लंडांतील घरोघर कांचेच्या पेट्या आल्या आणि त्या भरण्यासाठीं हौशी मंडळी बादल्या व छिन्न्या घेऊन समुद्रकिनाऱ्यावर लोटली. गॉसचा मुलगा एडमंड यानें 1907 सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनांत याचा शेवट खेदानें नमूद केला आहे. वडिलांनीं ज्या खडकांतील डबक्यांचें रसभरित वर्णन करून लोकांस त्यांची गोडी लावली, तीं डबकीं त्या गोडी लागलेल्या लोकांनींच ओरबाडून ओसाड केलीं. प्रेमानें केलेला हा विध्वंस छंदी माणसानें कधींही विसरूं नये.

आपल्याकडे मुंबईकरांस समुद्राच्या पोटांतील वैभव कांचेआडून दाखविलें तें तारापोरवाला मत्स्यालयानें. 1951 सालीं मरीन ड्राइव्हवर तें उघडलें, 2015 मध्यें नव्या थाटानें पुन्हां सजलें आणि 2020 मध्यें साथीच्या दिवसांत बंद झालें. दोन-तीन पिढ्यांतील मुलांनीं पहिला विदूषक मासा पाहिला तो तेथेंच. ज्या दात्याचें नांव त्या इमारतीला लाभलें त्याच्या आडनांवांतील तारापूर हें गांव डहाणूच्या दक्षिणेस, याच किनाऱ्यावर आहे.

तेव्हां आतां डहाणूलाच जाऊं. 2013 सालापासून मुंबईची उपनगरी गाडी डहाणू रोड स्थानकापर्यंत जाते. त्यामुळें चिकूच्या वाड्यांमागील हा समुद्र शहरवासीयांस फार दूर राहिलेला नाहीं. दक्षिणेस वरोर, वाढवण. मध्यें डहाणू, नरपड, चिखलें. उत्तरेस घोलवड, बोर्डी. आणि त्यापलीकडे झाई. तलासरी तालुका एरवीं डोंगरउतारांचा. त्याला समुद्र भेटतो तो या झाईच्या कोळीवस्तीजवळ. या पट्टींत किनाऱ्याचा उतार इतका मंद आहे कीं, अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला पाणी दूरवर मागें सरतें आणि जागोजागीं काळे खडक उघडे पडतात. त्या खडकांच्या खळग्यांत जें पाणी मागें राहतें, तें निसर्गानें मांडलेलें मत्स्यालय होय.

अशा डबक्याशीं घटकाभर स्वस्थ बसावें. प्रथम कांहींच दिसत नाहीं. मग खडकाला चिकटलेलीं कालवें दिसूं लागतात. एखादा शंख एकाएकीं चालूं लागतो. त्यांत गोगलगाय नसून दुसऱ्याच्या घरांत बिऱ्हाड केलेला खेकडा असतो. फुलासारखें दिसणारें समुद्रफूल पाकळ्या मिटून घेतें आणि आपण प्राणी असल्याची साक्ष पटवितें. खाडीच्या चिखलावर निवटी उड्या मारीत असते. मासा असून ती पाण्याबाहेर सुखानें वावरते. उन्हानें हें डबकें तापतें, पावसानें अळणी होतें. परंतु सुमारें साडेबारा तासांनीं भरती येते आणि सारें पाणी बदलून जाते. पाणी बदलणें, थंड ठेवणें, हवा मिसळणें, घाण वाहून नेणें, अन्न आणून देणें, हीं पांच कामें समुद्र एका लाटेंत करितो आणि त्याचें बिल कोणाला पाठवीत नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, डहाणूला पोवळ्यांची बेटें कां नाहींत? पोवळ्याच्या शरीरांत सूक्ष्म शैवाल राहतें. तें सूर्यप्रकाशांत अन्न तयार करितें आणि त्यावर पोवळ्याचा पुष्कळसा निर्वाह चालतो. म्हणून रीफ बांधणाऱ्या पोवळ्यांना निर्मळ व प्रकाशित पाणी लागतें. उत्तर कोंकणचा समुद्र गढूळ आहे. मोठ्या भरती-ओहोटीनें गाळ सदैव ढवळला जातो आणि पावसाळ्यांत डोंगरांतील ओढे मातीचा लोंढा आणतात. तलासरीच्या उतारावरचें झाड तुटलें तर तेथील माती शेवटीं समुद्रालाच मिळते, ही गोष्टही या प्रसंगीं ध्यानांत घ्यावी. मुंबईच्या खडकांवर कांहीं काटक जातींचीं पोवळीं तग धरून आहेत. सागरी रस्त्याच्या कामासाठीं हाजीअली व वरळी येथील पोवळ्यांचें 2020 मध्यें स्थलांतर करावें लागलें. परंतु खरें पोवळ्यांचें वैभव पाहावयाचें तर मालवणास, कच्छच्या आखातांत, लक्षद्वीपांत किंवा विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभरावर किलोमीटरांवर पाण्याखालीं असलेल्या आंग्रिया बँकेकडे वळावें लागतें. कान्होजी आंग्र्यांचें नांव धारण करणारें तें पठार आजही बहुतेकांनीं नकाशावरच पाहिलेलें आहे.

आतां घरच्या टाकीकडे येऊं. दोनशें लिटरांची टाकी घेतली असें समजा. समुद्राच्या एका लिटरांत सुमारें 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे या टाकीला सात किलो क्षार लागले. हे क्षार म्हणजे स्वयंपाकघरांतील मीठ नव्हे. त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचें ठराविक प्रमाण असावें लागतें. म्हणून यासाठीं मुद्दाम तयार केलेलें मिश्रण शुद्ध केलेल्या पाण्यांत विरघळवितात. टाकींतील पाणी उन्हाळ्यांत आटतें. पण मीठ आटत नाहीं. मिठागरांत जो नियम आगऱ्याला पीक देतो, तोच टाकींत माशांचा प्राण घेतो. म्हणून रोज आटलेल्या पाण्याच्या जागीं खारें नव्हे, तर गोडें पाणी घालावें लागतें. नवशिक्याची पहिली चूक बहुधा येथेंच होते.

दुसरी चूक उतावळेपणाची. माशांच्या विष्ठेपासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया निर्माण होतो. तो विषारी आहे. दगडांच्या छिद्रांत वसणारे सूक्ष्मजंतु त्याचें प्रथम नायट्राइटमध्यें व मग त्या मानानें निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्यें रूपांतर करितात. हे जंतु विकत घेऊन एका रात्रींत वाढत नाहींत. त्यांची वस्ती पुरती बसण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे जातात. तोंवर टाकी रिकामीच राहूं द्यावी. मुलें विचारतील, "मासे केव्हां आणणार?" त्यांना सांगावें कीं, टाकींत दिसत नाहींत असे कोट्यवधि कामगार सध्यां घर बांधीत आहेत. या दीड महिन्यांत मुलें जें रसायनशास्त्र शिकतील, तें पाठ्यपुस्तकाच्या दहा पानांतून मिळणार नाहीं.

पुढें पंप हवा, फेसाबरोबर मळ काढणारें यंत्र हवें, योग्य दिवे हवेत. पाण्याची उष्णता 25-26 अंशांच्या आसपास राखली पाहिजे. वैशाखांत त्यासाठीं शीतयंत्र लागतें. दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावें. आणि वीज गेली तर? पाणी हालेनासें झालें कीं प्राणवायु कमी होतो व कांहीं तासांत मासे गुदमरतात. म्हणून बॅटरीवर चालणारा लहान हवापंप घरांत असलाच पाहिजे. पाण्याची उष्णता दोन-तीन अंशांनीं वाढून तशीच राहिली तर पोवळें आंतील शैवालास बाहेर टाकतें आणि पांढरें पडतें. हेंच 1998, 2010 व 2016 सालीं लक्षद्वीपच्या समुद्रांत मोठ्या प्रमाणावर घडलें; तेथें कोणाला शीतयंत्र लावतां आलें नाहीं.

एवढा खटाटोप ऐकल्यावर सहजच वाटेल कीं, सुटीच्या दिवशीं डहाणूस जावें, दोन डबे पाणी, चार समुद्रफुलें आणि एखादा शेवाळलेला दगड आणावा, म्हणजे काम भागलें. नेमकें हेंच करूं नये. किनाऱ्याजवळचें पाणी गाळाचें. त्यांत खाडीची घाण मिसळलेली असते. भरतीच्या तालावर जगणारा प्राणी बंद टाकींत बहुधा झुरून मरतो आणि त्याच्याबरोबर टाकीही नासते. शिवाय कायदा आहे. रीफ बांधणारीं पोवळीं, समुद्रपंखे व समुद्रघोडे यांना 2001 सालीं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत घातलें. म्हणजे वाघाच्याच पंक्तीला बसविलें. वाघाचें पिलूं दिवाणखान्यांत बांधावें असें आपल्या मनांत येत नाहीं. तेंच पोवळ्याच्या बाबतींत येऊं नये. दुकानदार स्वस्तांत देतो म्हणून मृत पोवळ्याचा दगडही घेऊं नये. हातानें बनविलेला सच्छिद्र दगड जंतूंना तितकाच मानवतो.

मग टाकींत ठेवावें काय? माणसाच्या देखरेखीखालीं जन्मलेले मासे ठेवावेत. विदूषक माशाची पैदास आपल्या देशांत होऊं लागली आहे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं तिचें तंत्र बसविलें, आणि ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रांतही अशा माशांचें उबवणीकेंद्र आहे. अशा माशांची एक जोडी पुरे. या कुटुंबांत सर्वांत मोठी ती मादी. ती मेली तर तिचा नर स्वतःच मादी होतो आणि धाकट्यास बढती मिळते. इतका चमत्कार ज्या टाकींत रोज पाहावयास मिळतो, तींत आणखी लुटीची गरज काय?

डहाणू तालुका 1991 सालीं केंद्र सरकारनें पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. वाढवणच्या बंदरास तेथील पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानें 1998 मध्यें नकार दिला, 2023 मध्यें संमति दिली आणि 30 ऑगस्ट 2024 रोजीं बंदराची पायाभरणी झाली. बंदराची बाजू आणि त्यास विरोध करणाऱ्या मच्छीमारांची बाजू, यांचा निवाडा करण्याचें हें व्यासपीठ नव्हे. परंतु ज्यानें दोनशें लिटर पाणी जिवंत ठेवण्यासाठीं वर्षभर धडपड केली आहे, त्याला एक गोष्ट इतरांहून अधिक पटते: बसलेली घडी मोडणें एका दिवसाचें काम असतें आणि ती पुन्हां बसविणें पैशानें होत नाहीं. भरावाच्या व गाळाच्या हिशेबांत हा अनुभव जमेस धरला जावा, एवढें मागण्याचा अधिकार अशा माणसास नक्कीच आहे.

म्हणून माझी सूचना अशी. टाकी मांडण्यापूर्वीं एक वर्ष ओहोट्या पाहाव्यात. बरोबर भिंग व वही असावी; बादली नसावी. दगड उलटून पाहिला तर तो जसा होता तसा पुन्हां ठेवावा, कारण त्याच्या खालची बाजू कोणाचें तरी घर असते. कालवें काढणाऱ्या बायांना विचारावें. कोणत्या खडकांत काय मिळतें आणि पूर्वीं काय मिळत असे, हें त्या सांगतील. वर्ष सरल्यावर टाकी मांडावीशी वाटली तर अवश्य मांडावी. ती उत्तम चालेल. आणि न वाटली, तरी आपलें कांहींच बिघडलें नाहीं. तोंवर आपणांस खडकांतला समुद्र वाचतां येऊं लागलेला असेल.