रिंगेची फट



मोटारीच्या पिस्टनवर रिंगा चढवणे हे काम पाहणाऱ्याला बांगड्या भरण्याइतके सोपे वाटते. (कासाराला विचारा, तेही सोपे नसते.) मालक तसेच समजतो आणि मजुरीही त्याच मापाने देतो. वस्तुतः खरे काम रिंग चढवण्याआधीचे आहे. जी रिंग ज्या सिलिंडरात बसायची, तीत ती प्रथम नुसतीच सोडायची, पिस्टनच्या माथ्याने सरळ खाली ढकलायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजायची. पूर्वी कुर्ल्यास बनणारी पद्मिनी घ्या. तिचा सिलिंडर ६८ मिलिमीटरचा. तेथे ठोकळ हिशेबाने पाव मिलिमीटर फट हवी. कमी पडली तर तापल्यावर रिंग वाढते, टोके एकमेकांस भिडतात, आणि रिंग मोडते किंवा सिलिंडरला चरे पाडते. म्हणून टोक कानशीने हलकेच घासायचे, पुन्हा मोजायचे. चार सिलिंडरांच्या साऱ्या रिंगा अशा मोजता मोजता सकाळ जाते म्हणा ना! मग फटी एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत, तेल लावायचे, पट्ट्याने रिंगा आवळायच्या आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने पिस्टन आत सारायचा. अडला, तर ठोकायचा नाही. बाहेर काढून पाहायचा.

ही सकाळ बिलात कोठेच दिसत नाही. म्हणून वाटाघाटीत आम्ही नगावर दर मागत नाही, वेळ मागतो. मालक विचारतात, न मोजले तर कोणाला कळणार? गाडी निळा धूर ओकू लागली की गिऱ्हाईक शिव्या देते, त्या फिटरला!