वकिलाच्या दप्तरातील दोन कागद

वकील म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे खुनाचा खटला नाहीतर भाऊबंदकीचा वाद उभा राहतो. पण पिंपरी-चिंचवडमधल्या माझ्या एका वकीलस्नेह्याच्या दप्तरात बहुधा दोनच तऱ्हेचे कागद असतात. एक महापालिकेची नोटीस, दुसरा विमा कंपनीचा नकार. या दोहोंवर त्यांचे केस पांढरे झाले!

पहिला कागद कसा आला, ते पाहा. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही मुळात गावंच. 1970 साली त्यांची नगरपालिका झाली, 1982 साली महापालिका. 1997 साली मोशी, चिखली, चऱ्होलीही हद्दीत आली. ग्रामपंचायतीत घरपट्टी भरणाऱ्याच्या हाती कलमांचे आकडे असलेला कागद पडू लागला. कर अवाजवी वाटला तर न्यायाधीशाकडे अपील करता येतं. मात्र मुदत पंधराच दिवसांची, आणि मागितलेली रक्कम आधी भरावी लागते. पुष्कळजण कागद देव्हाऱ्यामागे खोचतात आणि महिन्याभरानं वकील शोधतात. मग वकील तरी काय करणार?

दुसऱ्या कागदासाठी मात्र तुम्हांला थोडं दूर न्यायला हवं. पिंपरी-चिंचवडमधून जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता पुढं साताऱ्याकडे, बंगळूरकडे जातो. याच महामार्गावर सातारा जिल्ह्यातल्या कवठे गावाजवळ 29 ऑक्टोबर 1987 च्या पहाटे पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याखाली कलंडला, पेट्रोल गळू लागलं. उजाडल्यावर माणसं जमली. सकाळी सव्वासातच्या सुमारास भडका उडाला. पुष्कळजण भाजले, काही दगावले. त्यांतल्या एका मुलाच्या आईनं भरपाई मागितली.

टँकरच्या बाजूचं म्हणणं असं : टँकर तर तासन्‌तास आडवा पडलेला; त्याचा ‘वापर’ चाललाच कुठं होता? न्यायाधिकरणानं अर्ज फेटाळला. गावकरी पेट्रोल न्यायला आले आणि त्यातून आग लागली, म्हणजे हा अपघातच निराळा, असं त्याचं मत पडलं. उच्च न्यायालयानं ते मानलं नाही. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 17 जुलै 1991 रोजी निकाल लागला : वाहन चालत असलं तरच त्याचा वापर होतो, असं नव्हे, ‘वापरामुळे’ आणि ‘वापरातून उद्भवलेला’ यांत फरक आहे, दुसरा शब्द अधिक व्यापक आहे. व्याकरण शिकवणाऱ्या आम्हां मास्तरांना हा निकाल वाचून बरं वाटतं, बरं का!

कुणाची चूक हे न पाहता मिळणारी ती रक्कम होती अवघी 15 हजार रुपये, आणि आईला जवळजवळ चार वर्षं झगडावं लागलं. आज मृत्यूसाठी ही रक्कम 5 लाख आहे. आणि 1 एप्रिल 2022 पासून भरपाईच्या अर्जाला कायद्यानं सहा महिन्यांची मुदत घातली आहे. म्हणून आमचे स्नेही समोर बसलेल्याला आधी हकिकत विचारीत नाहीत, अपघाताची तारीख विचारतात.