तुकड्याची ओळख आणि तुकड्याचे गाव



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस आणि महागाई यांवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आज आम्ही दगडांवर बोलणार आहोत. या शास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. जे आहे ते वाचनालयातले आणि पायी हिंडून पाहिलेले. पण या विषयाकडे आम्ही वळलो ते एका कामगाराच्या हजेरीपत्रामुळे, म्हणून आधी तेच सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक वयस्क कामगार आमच्याकडे वाळवीने खाल्लेल्या हजेरीपत्राचे पाचसहा तुकडे घेऊन आला. एका कारखान्यातली त्याची जुनी नोकरी सिद्ध करायची होती. आडनाव अर्धे उरले होते, महिना गेला होता. पण एका कोपऱ्यात तिकीट नंबर शाबूत होता. नंबर म्हणजे माणूस, अशी आमची समजूत. आम्ही मोठ्या उत्साहाने तो कागद पुढे केला. सुनावणीत उघड झाले की नंबर खरा होता, कारखानाही खरा होता, पण ते पत्र त्याच्या थोरल्या भावाचे होते. दोघांचे कागद एकाच पत्र्याच्या पेटीत पडले होते. तो तुकडा या पेटीत आला कसा, हे विचारायचे आम्हांला सुचले नाही. त्या माणसाचे पैसे बुडाले. ती चूक आमची.

तुकडा ओळखणे हे एक काम आहे आणि तो जिथे सापडला तिथलाच आहे काय हे ठरवणे दुसरे. ही दोन कामे किती वेगळी आहेत हे पुढे आम्हांला एका समुद्री प्राण्याने समजावून दिले.

या प्राण्याचे नाव भंगुरतारा. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी दगड उलथला तर दिसू शकतो. मध्ये नाण्याएवढी किंवा त्याहूनही लहान चकती, आणि तिच्यापासून निघालेले पाच बारीक हात, सापासारखे वळवळणारे. पकडायला जावे तर हात तोडून देऊन निसटतो, म्हणून भंगुर. तारामासा आणि समुद्री साळू यांचा हा नातलग. आज याच्या दोन हजारांवर जाती हयात आहेत, आणि याचे घराणे सुमारे 48 कोटी वर्षांमागे जाते.

या प्राण्याचा सांगाडा आपल्यासारखा मोजक्या हाडांचा नसतो. शेकडो, हजारो चुनखडी चकत्यांचा तो असतो, आणि त्यांना धरून ठेवणारे काय तर मऊ मांस आणि स्नायू. प्राणी मेला की काही दिवसांतच हे बंध कुजतात आणि सारा सांगाडा माळ तुटावी तसा विखुरतो. गाळाने अचानक गाडला गेला तरच अखंड भंगुरतारा दगडात टिकतो, आणि असे क्वचित घडते. राहतात त्या वाळूच्या कणाएवढ्या सुट्या चकत्या. कित्येक पिढ्या अभ्यासक अखंड नमुन्यांच्या मागे होते, आणि या कणांकडे बघणारे फार थोडे होते.

आता हाताची रचना पाहा. हाताच्या प्रत्येक पेरात आत एक मणका, वर एक चकती, खाली एक, आणि दोन बाजूंना दोन. वरची आणि खालची चकती बहुधा मुकी असते. बोलते ती बाजूची. कारण तिच्यावर काटे बसतात आणि काटा बसण्याची खोबण तिच्या कडेला कोरलेली असते. ती खोबण कुठे कानाच्या पाळीसारखी, कुठे दोन ओठांसारखी, आणि घराण्याघराण्याला तिची धाटणी निराळी. हजेरीपत्राच्या कोपऱ्यातला तिकीट नंबर म्हणतात तो हाच. स्वित्झर्लंडचे हान्स हेस यांनी 1960 च्या दशकात ज्युरासिक काळच्या अशा सुट्या चकत्यांवर चिकाटीने काम केले. पुढे 2011 साली लक्झेंबर्गचे बेन थुय आणि स्टॉकहोमच्या सबीन श्टोर यांनी हयात जातींच्या बाजूच्या चकत्या रांगेने तपासून दाखवून दिले की नुसत्या या एका चकतीवरूनही प्राण्याचे घराणे, पुष्कळदा त्याहून जवळची ओळख, सांगता येते.

हे काम कसे चालते तेही सांगितले पाहिजे, कारण श्रमाची गोष्ट वगळून शास्त्र सांगण्याची रीत आम्हांला पसंत नाही. मऊ चिखलदगड पाण्यात भिजवून फोडायचा, बारीक चाळणीवर धुवायचा, राहिलेला गाळ वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कण उचलायचा. आमच्या आया सुपात तांदूळ निवडत, तसलेच हे निवडणे, फक्त खडे टाकायचे नसून ठेवायचे. प्रत्येक चकती म्हणजे कॅल्साइटचा एकच स्फटिक, आणि त्याला आत जाळी असते. म्हणून ती तुटली की सपाट चकाकत्या पृष्ठावर तुटते, आणि या गोत्राचा तुकडा ओळखण्याची पहिली खूण सापडते.

फसगतीच्या जागाही आहेत. एकाच हाताची चकतीजवळची पेरे रुंद असतात, टोकाकडची लांबट, आणि काट्यांची संख्याही टोकाकडे घटते. हे ध्यानात न घेतले तर एका प्राण्याच्या दोन जाती होऊन बसतात. दुसरी जागा अधिक वाईट. जुना थर झिजतो, त्यातली चकती सुटते, लाटांनी वाहत जाऊन नव्या थरात बसते. तिची ओळख अचूक पटेल आणि काळ मात्र साफ चुकेल. कडा घासल्या आहेत का, जाळीत आजूबाजूच्या दगडाहून निराळा गाळ भरला आहे का, हे पाहावे लागते.

आता कोणी विचारील, जुन्नर-आंबेगावात या समुद्री प्राण्याचे काय काम? थेट काही नाही. शिवनेरी, लेण्याद्री, भीमाशंकरचा डोंगर, सगळा लाव्हारसाचा काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. समुद्राच्या तळाचा गाळ इथे उघडा नाही. त्यासाठी कच्छला किंवा तामिळनाडूत अरियलूरला जावे. पण तुकड्याची ओळख आणि तुकड्याचे गाव हा तंटा आपल्या दाराशीही आहे.

नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती होत्या. त्या गेल्या, उरल्या पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे. सिमुक सातवाहन, देवी नागनिका, श्री सातकर्णी असे आपण आज म्हणू शकतो ते त्या नावांमुळे. मूर्ती नाही, पण तुकडा जागचा हललेला नाही, डोंगरालाच चिकटलेला आहे. असे भाग्य नदीच्या काठी लाभत नाही.

कुकडी नदी त्याच घाटाच्या बाजूला उगम पावते आणि तालुक्याच्या पूर्व भागात बोरी गावाशी येते. तिथल्या काठाच्या गाळात पांढुरक्या राखेचा एक थर आहे. त्यालगतच्या गोट्यांच्या थरांत आदिमानवाने घडवलेल्या दगडी हातकुऱ्हाडी आणि फरश्या सापडल्या, आणि 1980 च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी ही जागा पुढे आणली. राख सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर ती चुलीतली राख नव्हे. काचेचे बारीक कपचे, फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंतींसारखे वाकडे. ज्वालामुखीतून उडालेली काच. दख्खनचे लाव्हे तर कधीच थंड झालेले. मग ही आली कुठून?

कपच्याची खोबण म्हणजे त्याचे रसायन. सिलिका किती, पोटॅशियम किती, लोह किती, हे मोजून जुळवल्यावर बोट गेले सुमात्रा बेटावरच्या टोबाकडे, बोरीपासून तीन हजार किलोमीटरांहून दूर. आज तिथे सुमारे शंभर किलोमीटर लांबीचे सरोवर आहे, ते त्या ज्वालामुखीचे कोसळलेले तोंड. येथवर ओळख पटली.

खरे भांडण पुढे. टोबा एकदाच फुटला नाही. सर्वांत मोठा स्फोट सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीचा, पण त्याआधी सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीही एक मोठा झाला. दोघांची काच सख्ख्या भावांसारखी, वरवरच्या रसायनाने वेगळी होत नाही. आमच्या पत्र्याच्या पेटीतलेच दोन भाऊ म्हणा ना. 1989 साली पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने या राखेचे वय सुमारे 14 लाख वर्षे प्रसिद्ध झाले. 1993 साली आचार्य आणि बसू यांनी मांडले की भारतातली ही राख सगळी 74-75 हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाचीच आहे. 1995 साली शीला मिश्र आणि सहकाऱ्यांनी नव्या मोजणीने बोरीला 6 लाख 70 हजार वर्षे दिली, आणि त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासकांनी काचेच्या रसायनावरून पुन्हा धाकट्या भावाचा पक्ष घेतला. 2011 साली काहींनी वय पुन्हा सात-आठ लाखांच्या घरात नेले.

एका मुठीएवढ्या राखेत एवढी तफावत का पडावी? समजण्यापुरते एक गणित करून पाहा. शंभर कणांत नव्याण्णव कण 75 हजार वर्षांचे, आणि एक कण आपल्या डोंगराचा, साडेसहा कोटी वर्षांचा. सगळ्यांत पोटॅशियम सारखे धरले तर सरासरी येते सुमारे सात लाख चोवीस हजार! प्रत्यक्षात काळ्या पाषाणात पोटॅशियम कमी असते, म्हणून एका कणाने एवढे भागणार नाही, आणि अभ्यासकही ही भेसळ जाणून कण निवडून घेतात. तेव्हा मोठे आकडे खोटे, असे या गणिताने ठरत नाही. एवढेच दिसते की भेसळ कुठल्या बाजूला ओढते. ती वय वाढवते, घटवत नाही.

शिवाय इतक्या दूरवर आभाळातून पडलेली राख पातळच असणार. बोरीला ती जाड आहे, त्याअर्थी पावसाने उतारावरून धुऊन तिला खळग्यांत गोळा केले. धुणारे पाणी वाटेतली मातीही आणते. आणि ज्या गोट्यांत हातकुऱ्हाड सापडते ते गोटे तरी कुठे जागचे? नदीनेच आणलेले. राखेचे वय एकमताने ठरले, तरी हत्याराचे वय आपोआप ठरणार नाही. हत्याराची धार ताजी आहे की गोलसर झिजली आहे, तो राखेखाली आहे की वर, हे खड्ड्याच्या भिंतीत डोळ्यांनी पाहावे लागते.

आणि प्रश्न लहान नाही. कुकडीच्या काठी माणूस केव्हा आला, याचे उत्तर यावर लोंबकळते आहे. तामिळनाडूत अत्तिरम्पाक्कम येथे शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी 2011 साली अशाच घडणीच्या हत्यारांना सुमारे 15 लाख वर्षांचे वय दिले, तेव्हा दक्षिणेत इतका जुना माणूस असणे अशक्य मुळीच नाही. पण तिथे होता म्हणून इथेही होता, असे म्हणता येत नाही. भावाचे हजेरीपत्र भावापाशीच चालते. आपला तालुका सर्वांत जुना ठरावा अशी इच्छा आम्हांलाही होते, आणि तीच इच्छा दाबून ठेवणे कठीण जाते. सुनावणीच्या दिवशी आम्ही त्या इच्छेलाच बळी पडलो होतो.

मागे एका सभेनंतर एक तरुण पिशवीतून दगड घेऊन आला. दोन्ही अंगांनी कपचे काढलेला, बदामाच्या आकाराचा, तळहाताहून मोठा. हातकुऱ्हाडच असावी असे आम्हांला वाटले आणि तसे आम्ही त्याला सांगितले. तो खूष झाला. मग आम्ही विचारले, कुठे सापडला? म्हणाला, कालव्याच्या भरावात. भरावाची माती कुठून आणली होती, असे विचारत आम्ही दोघे त्या गावात संध्याकाळपर्यंत हिंडलो. ज्यांनी ट्रॅक्टर भरले होते ते मजूर केव्हाच दुसऱ्या कामावर निघून गेले होते.