आपला दस्तरखान आणि आपली प्रकृती

(संस्थेच्या पालक-मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षक व्यासपीठावर उभा राहिला की तो अभ्यास, शिस्त आणि परीक्षा यांवरच बोलणार, अशी आपली समजूत असते. मी आज खाण्यापिण्यावर बोलणार आहे. हा विषय शिक्षणाबाहेरचा आहे असे मात्र समजू नका. मूल सकाळी काय खाऊन आले, यावर ते चौथ्या तासाला जागे राहणार की पेंगणार हे ठरते. घरातला कर्ता माणूस पन्नाशीत धडधाकट आहे की अंथरुणावर आहे, यावर त्या मुलाचे पुढचे शिक्षण ठरते. तेव्हा शाळेचा आणि चुलीचा संबंध फार जवळचा आहे.

प्रारंभीच एक खुलासा करतो. मांसाहार सोडा, असे मी सांगणार नाही. मांस आपल्याला हलाल आहे आणि ते पौष्टिकही आहे. कोणी काय खावे यावरून बाहेर जो गदारोळ चालतो, त्याच्याशीही माझ्या बोलण्याचा संबंध नाही. घरातल्या माणसाने घरच्यांजवळ बोलावे तसे मी बोलत आहे. आपल्यासमोरचा प्रश्न एवढाच आहे: किती खावे, किती वेळा खावे आणि कशाबरोबर खावे?

दीनची शिकवण

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. कुरआन शरीफमध्ये, सूरह अल-आराफच्या ३१ व्या आयतीत, खाण्यापिण्याची मोकळीक दिली आहे आणि त्याच जागी अतिरेकाची मनाई केली आहे. दोन्ही गोष्टी एकाच आयतीत आहेत. आपण पहिली लक्षात ठेवतो आणि दुसरी विसरतो. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा, ही पैगंबरसाहेबांची (स.अ.) शिकवण तिर्मिजी शरीफच्या हदीसमध्ये आली आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांना ती ठाऊक आहे.

बुखारी शरीफमधील आणखी एक हदीस पाहा. एका शिंप्याने हुजूरांना जेवायला बोलावले. जेवणात जवाची रोटी होती आणि भोपळा व सुकवलेले मांस घातलेले कालवण होते. हजरत अनस (रजि.) सांगतात की, हुजूर त्या भांड्यातून भोपळ्याच्या फोडी शोधून घेत होते. आपल्या घरी दालच्यात दुधी पडला तर मुले तो बाजूला सारतात आणि बोटी शोधतात. मुलांचे सोडा, आपण मोठी माणसे तरी काय करतो?

हजरत उमर (रजि.) यांनी तर मांसाची चटक दारूच्या चटकेसारखी लागते, असा इशारा दिल्याचे इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’मध्ये नमूद आहे. हलाल वस्तूचीही चटक लागू शकते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

आजार उंबरठा ओलांडून आला आहे

आता दवाखान्याची बाजू पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. आपली वस्ती, आपले मोहल्ले याला अपवाद आहेत असे कोणी म्हणेल काय?

याचा सगळा दोष मटणावर टाकणे अन्यायाचे होईल. पांढऱ्या भाताचा डोंगर, मैद्याचे पाव, साखर, तेल आणि बैठी राहणी हे सारेच वाटेकरी आहेत. परंतु एक गोष्ट उघड आहे. ज्या ताटात भात आणि मटण काठोकाठ भरले आहे, त्या ताटात भाजीला जागाच उरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यांनी ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि २५० ग्रॅम धान्य सांगितले आहे. डाळी, अंडी आणि मांस-मासळी मिळून मात्र अवघे ८५ ग्रॅम. आपल्या घरी हे प्रमाण बरोबर उलटे असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली सॉसेज, सलामी यांसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांत घातले. असे मांस दररोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. बकऱ्याचे, म्हशीचे ताजे मांस ‘बहुधा कारणीभूत’ या गटात आहे. कर्करोगावर काम करणाऱ्या जागतिक संस्थांचा सल्ला असा की, असे तांबडे मांस आठवड्याला शिजवलेले ३५० ते ५०० ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. म्हणजे आठवड्यातून दोन-तीन वेळा, तेही बेताने. रोज दोन्ही वेळा नव्हे.

ताकद कोठून येणार?

“मास्तर, मटण नाही खाल्ले तर पोरांना ताकद कोठून येणार?” असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. १०० ग्रॅम कच्च्या मटणात साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात. १०० ग्रॅम कोरड्या डाळीत ती २२ ते २४ ग्रॅम असतात. अर्थात डाळ शिजताना पाणी घेते, म्हणून एक वाटी घट्ट वरणात सहा-सात ग्रॅमच मिळतात; जवळजवळ एका अंड्याइतकी. डाळीच्या प्रथिनांत जे उणे असते ते तांदूळ, गहू, ज्वारी भरून काढतात आणि धान्यात जे उणे असते ते डाळ भरून काढते. वरणभात आणि खिचडी हे गरिबीचे जेवण नसून शहाणपणाचे जेवण आहे.

आणि आपल्या कोकणाला काय कमी आहे? वाल, कुळीथ, चवळी, मूग आहेत. शेवग्याचा पाला आणि शेंगा परसात आहेत. पडवळ, दुधी, लाल भोपळा पावसाळ्यात वेलीवर लटकतो. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो. तेवढ्याच दुधात तो याच्या निम्म्याहूनही कमी असतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष पाळले, तेव्हा शहरी लोकांना नाचणीचा शोध लागला. आपल्या आज्या तर तिच्या भाकऱ्या थापतच होत्या. बांगडा आणि तारली ही स्वस्त मासळी हृदयाला हितकारक अशा तेलाने भरलेली आहे. पापलेट-सुरमईच्या मानाने तिला कमी लेखू नका. फक्त ती प्रत्येक वेळी तेलात तळू नका, कालवण करा.

मांस कमी करण्याची युक्तीही आपल्याच स्वयंपाकघरात आहे. अर्धा किलो मटण, पाव किलो चणाडाळ आणि एक मोठा दुधी यांचा दालचा सहा माणसांना पोटभर पुरतो. खिम्यात वाटाणा घाला. शामी कबाबमध्ये चणाडाळ असतेच. हलीम-खिचड्यात गहू आणि डाळी असतात. मटणावरची चरबी शिजवण्यापूर्वीच काढून टाका. शेजारी काकडी-कांदा-टोमॅटोची कचुंबर असू द्या. चव जाणार नाही, प्रमाण मात्र बदलेल.

मुलींचे ताट

येथे मला एक वेगळी गोष्ट बोलायची आहे, आणि ती पुरुषमंडळींनी विशेष लक्ष देऊन ऐकावी. कमी खाण्याचा हा उपदेश घरातल्या सगळ्यांना सारखा लागू नाही. मटणाच्या दिवशी चांगले तुकडे कोणाच्या ताटात जातात? आधी पाहुण्यांच्या, मग पुरुषांच्या, मग मुलग्यांच्या. आई आणि मुलगी शेवटी भातावर रस्सा घेऊन उठतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. मांसातील लोह शरीरात लवकर शोषले जाते. ज्याला त्याची सर्वाधिक गरज आहे, त्याच्याच ताटात ते सर्वांत कमी पडते.

म्हणून कमी करायचे ते ज्यांच्या ताटात जास्त आहे त्यांनी. मुलीच्या ताटात तिचा तुकडा, अंडे, मासळी, पालेभाजी आणि वर लिंबू पिळलेले असलेच पाहिजे. लिंबामुळे भाजीतील लोह अंगी लागते. जेवणाबरोबरचा चहा ते अडवतो, तेव्हा चहा तासाभराने घ्या. फिकट चेहऱ्याची, दमून बाकावर डोके टेकणारी मुलगी ‘आळशी’ नसते. पुष्कळदा तिचे रक्त कमी असते.

रमजान, ईद आणि लग्नकार्य

रोजा भुकेची जाणीव करून देण्यासाठी आहे. आपण मात्र पुष्कळ घरी रमजानचा तेलखर्च इतर महिन्यांच्या दुप्पट करून ठेवला आहे. खजूर आणि पाण्याने रोजा सोडणे ही सुन्नत आहे. समोसा, भजी आणि लाल-पिवळे सरबत ही केवळ सवय आहे. दोन-तीन खजूर, पाणी आणि थोडी फळे घ्यावीत, मगरिबची नमाज पढावी, मग साधे जेवण करावे. भजी हवीच असतील तर आठवड्यातून एकदा करा, आणि एकदा तळलेले तेल पुनःपुन्हा वापरू नका. सहरीला नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, अंडे, उसळ, दही घेतले तर दुपार सुसह्य होते. मधुमेहाचे औषध किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी रमजान लागण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे. आजारी माणसाला शरीअतने सवलत दिली आहे, ती घेण्यात कमीपणा नाही.

ईदला शीरखुर्मा जरूर करावा. पण दहा घरी दहा वाट्या संपवण्यापेक्षा प्रत्येक घरी चार चमचे घ्यावेत. यजमानांनीही लहान वाटी पुढे करावी आणि आग्रह आवरावा. ज्याला साखरेचा आजार आहे त्याला आग्रह करणे म्हणजे प्रेम नव्हे.

बकरीदच्या कुर्बानीचे तीन वाटे करण्याची आपली रीत आहे: एक घरचा, एक नातलग-स्नेह्यांचा आणि एक गोरगरिबांचा. एका वर्षी मदिनेत गरजू लोक आले होते, तेव्हा पैगंबरसाहेबांनी कुर्बानीचे मांस तीन दिवसांपेक्षा अधिक साठवू नका, असे सांगितले होते. पुढे ती मनाई उठवली. साठवणे नाजायज नाही, पण त्या हुकमामागचा हेतू आपण ध्यानात घेऊ या. घरात फ्रीज आला आणि गरिबाचा वाटा हळूहळू फ्रीजमध्ये जाऊन बसला. तो वाटा त्याच्या दारी पोहोचला तर दोन कामे होतात. वर्षात क्वचित मटण पाहणाऱ्या घराला ते मिळते आणि महिनाभर रोज मटण खाण्यातून आपली सुटका होते.

लग्नात मटण, चिकन, कबाब, वर बिर्याणी, अशी चढाओढ लागते आणि निम्मे ताटात टाकले जाते. मांसाचा एकच पदार्थ, सोबत डाळ, भाजी, कचुंबर आणि फळ, एवढ्याने निकाह कमी प्रतीचा ठरत नाही.

शेवटचा हिशेब

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक उदाहरण. सहा माणसांचे घर आठवड्याला तीन किलो मटण आणते. त्यांनी दीड किलो केले. भाव ७०० रुपये किलो धरा. आठवड्याला १,०५० रुपये वाचले. वर्षाचे ५० आठवडे धरले तर ५२,५०० रुपये झाले. डाळ-भाजीला त्यातले निम्मे गेले तरी २६,२५० रुपये उरतात. इतक्या रकमेत एका मुलाची पुस्तके, गणवेश आणि परीक्षेची फी भागणार नाही काय? आणखी एक हिशेब घरी करा. थंड पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सात-आठ लहान चमचे. इतकी साखर घातलेला चहा तुम्ही प्याल काय?

पालकहो, सगळे एकाच दिवशी बदलत नाही. या आठवड्यापासून तीन गोष्टी करा. आठवड्यातले चार दिवस बिनमटणाचे ठेवा आणि त्या दिवशी उसळ, वरण, अंडी, मासळी करा. प्रत्येक जेवणात एक भाजी ठेवा आणि ती वडिलांनी सर्वांआधी वाढून घ्यावी, कारण मुले ऐकून शिकत नाहीत, पाहून शिकतात. आणि घरातील स्त्रियांनी सर्वांबरोबर दस्तरखानावर बसावे, उरलेल्यावर नव्हे.

देह ही अल्लाहने आपल्याजवळ ठेवलेली अमानत आहे. ती सांभाळण्याची तौफीक तो आपणा सर्वांना देवो, आमीन.

खुदा हाफिज.