संगणकावरील पानांची सजावट
(ज्ञातिमंडळाच्या सांगली येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारी हयात खडूफळ्याच्या सान्निध्यात गेलेली. अशा माणसाने संगणकावरील पाने सजविण्याच्या विद्येविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु त्यास तसेच कारण घडले. गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या संकेतस्थळावर विद्यार्थिवेतनाची सूचना प्रसिद्ध झाली. तीत अर्जाची अखेरची तारीख बारीक व फिकट राखाडी अक्षरांत होती. तासगाव तालुक्यातील एका भगिनीस मोबाइलच्या पडद्यावर ती दिसलीच नाही, आणि तिच्या मुलीचा अर्ज मुदतीनंतर आला. मजकुरात काही उणे नव्हते; उणे होते ते मांडणीत. दुरुस्तीसाठी सांगितली गेलेली रक्कम मात्र त्या वेतनाहून अधिक होती! तेव्हा ही विद्या आपणच शिकावी असे आम्ही ठरविले.

या विद्येचे नाव सीएसएस. जिनिव्हाजवळील सर्न या विज्ञानसंस्थेत असताना हाकोन व्यूम ली या नॉर्वेजियन गृहस्थांनी १९९४ च्या ऑक्टोबरात तिची कल्पना मांडली. पुढे बर्ट बोस हे त्यांचे सहकारी झाले आणि १९९६ च्या डिसेंबरात तिला प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. तिचे मर्म एवढेच की, मजकूर एका ठिकाणी असावा आणि त्याचा वेश दुसऱ्या ठिकाणी.

याचे महत्त्व कळण्यास आपली मिरज पुरे आहे. १८०५ साली गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने तेथे तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली. त्या पत्र्यावर मजकूर आणि रूप एकजीव झालेले. अक्षर थोडे मोठे हवे असेल तर अवघा पत्रा नव्याने कोरणे प्राप्त! पुढे, १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली तो काळ सुट्या खिळ्यांचा. तरी प्रत्येक आकारासाठी खिळ्यांचा निराळा संच लागेच. येथे मात्र एका ओळीत आकार बदलला की शेकडो पाने क्षणार्धात बदलतात.

सीएसएसमधील पहिले अक्षर ‘कॅस्केडिंग’ या शब्दाचे. साताऱ्याजवळचा ठोसेघरचा धबधबा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना टप्प्याटप्प्याने कोसळणे म्हणजे काय ते सांगावयास नको. एकाच ओळीवर अनेक नियम वरून येऊन पडतात. मग कोणता चालावा? शाळेचा सर्वसाधारण नियम असतो, त्याहून वर्गाचा नियम बलवत्तर, आणि हजेरीपटावरील एखाद्याच विद्यार्थ्यासाठी काढलेला हुकूम त्याहूनही बलवत्तर. दोन नियम समबल असतील तर मागाहून लिहिलेला चालतो. नवशिक्याची निम्मी दमछाक येथेच होते. उरलेली अर्धविराम करविते. तो गळला तर नियम मुकाट्याने निष्फळ होतो. तक्रार कोणी करीत नाही. शुद्धलेखन तपासण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना ही शिस्त जड वाटू नये.

प्रत्येक परिच्छेद हा एक चौकोन मानला जातो. मजकूर म्हणजे घर, त्याभोवतीचे ‘पॅडिंग’ हे अंगण, ‘बॉर्डर’ हे कुंपण, आणि कुंपणाबाहेर सोडलेली मोकळी जागा म्हणजे ‘मार्जिन’. हे एकदा उमगले की पानाचा बराचसा गुंता सुटतो.

आता मराठीचा विचार. इंग्रजीसाठी रचलेले नियम जसेच्या तसे आपल्या लिपीस लावणे हा तिच्यावर अन्याय होय. ‘लेटर-स्पेसिंग’ वाढवून इंग्रजी मथळा देखणा दिसत असेल. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाच्या चिंधड्या होतात. आपल्या वेलांट्या व मात्रा रेषेवर आणि उकार खाली; म्हणून ओळींतील अंतर अक्षराच्या आकाराच्या पावणेदोन पटीच्या आसपास ठेवावे, असे आमचे मत आहे. पानाची भाषा मराठी असल्याचे सांगितले, तर काही अक्षरसंच हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ सोडून आपल्या वळणाचे देतात. यादीचे आकडेही १, २, ३ असे मिळतात. ‘मुक्त’ हा मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा अक्षरसंच कोणासही विनामूल्य वापरता येतो. आम्ही तोच घेतला आहे.

रंगाविषयीही एक आंतरराष्ट्रीय दंडक आहे. नेहमीच्या आकाराचे अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर निदान ४.५ ला १ असावे. ती राखाडी तारीख या कसोटीस उतरली नाही. आता तारखा काळ्या, ठळक आणि सूचनेच्या आरंभीच आहेत. यंदाचे अर्ज मुदतीत आले. त्यांत गतवर्षीच्या त्या मुलीचाही आहे.

सभासदांच्या नामावलीचे काम मात्र अद्याप शिल्लक आहे. तिचे सात रकाने मोबाइलच्या पडद्यावर मावत नाहीत. पडदा अरुंद असल्यास रकाने एकाखाली एक यावेत असा नियम लिहिता येतो, पण साऱ्या नामावलीस तो लावून तपासणे एकट्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. येत्या रविवारपासून आम्ही सांगलीस वर्ग सुरू करीत आहोत. सातारकरांपैकी ज्यांना यावयाचे असेल त्यांनी चिटणिसांकडे नावे द्यावीत. संगणक जुना असला तरी चालेल; सोबत एक वही आणावी.