पत्र पोचले, तारीख पोचली नाही



पूर्णेचे पाणी येलदरीच्या धरणातून सुटते आणि आपल्या सिद्धेश्वरच्या तलावात येऊन थांबते. तलाव भरला म्हणजे शिवार भिजले, असे आपल्यापैकी कोणी म्हणणार नाही. कालवा सुटावा लागतो, चारीचे दार उघडावे लागते, तेव्हा कोठे सरीत ओल दिसते. ईमेलने येणाऱ्या निमंत्रणांच्या बाबतीत मात्र ही साधी गोष्ट आपण विसरतो.

नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे आता पुष्कळदा कॅलेंडरच्या निमंत्रणाने येते. बोलावणाऱ्याच्या पडद्यावर ते 'पाठविले' म्हणून दिसते. इकडे उमेदवाराच्या कॅलेंडरात त्या दिवसाचा रकाना कोरा. वेळ टळते, आणि मुलगा बेफिकीर आहे अशी तिकडे समजूत होते. वर्षभराच्या अभ्यासावर असे पाणी पडावे, ही लहान गोष्ट नव्हे.

या निमंत्रणात वस्तू दोन असतात. एक पत्र, आणि त्याला जोडलेली आयसीएस नावाची छोटी फाईल. प्रसंग कोणता, वेळ कोणती, बोलावणारा कोण, बोलावलेल्याचा पत्ता कोणता, हे त्या फाईलीत ठराविक पद्धतीने लिहिलेले असते. ही पद्धत 1998 मध्ये ठरली व 2009 मध्ये सुधारली गेली. गूगल, मायक्रोसॉफ्ट, अॅपल या सर्वांची कॅलेंडरे ती वाचतात. परंतु मोडी एकच असली तरी प्रत्येक कुलकर्ण्याचे वळण निराळे, तसाच प्रकार येथे होतो.

गूगलचेच पाहा. अनोळखी माणसांनी भलत्याच नोंदी आपल्या कॅलेंडरात घुसवू नयेत म्हणून तेथे एक सोय आहे : पाठविणारा ओळखीचा असेल तरच नोंद घ्यावी, किंवा आपण उत्तर दिल्यावरच घ्यावी. सोय चांगली आहे, आम्ही तिला दोष देणार नाही. पण मुलाखत घेणारा बहुधा अनोळखीच असतो! पत्र येते, चारीचे दार मात्र बंद राहते. पत्र उघडून 'येतो' असे उत्तर दिले की नोंद उमटते. पत्रच दिसत नसेल तर स्पॅमची पेटी पाहावी.

दुसरा घोटाळा पत्त्याचा. निमंत्रण जुन्या पत्त्यावर जाते, तेथून पत्र आपोआप नव्या पत्त्याकडे वळविलेले असते. फाईलीत नाव जुन्या पत्त्याचे. नवे कॅलेंडर म्हणते, हे बोलावणे आमच्या धन्याचे नव्हे. आउटलुकमधून कधीकधी आयसीएसऐवजी 'विनमेल डॉट डॅट' नावाची फाईल येते, ती इतरत्र उघडतच नाही; तेव्हा पाठविणाऱ्यास पुन्हा पाठवावयास सांगणे बरे.

कित्येकदा नोंद असते, पण आपण पाहतो तेथे नसते. मोबाईलवर खाती दोन, आणि एकाचे कॅलेंडर लपविलेले. किंवा न्यूयॉर्कच्या लेकीने शनिवारी रात्री 8 ची भेट ठरविली, तर उन्हाळ्यात ती आपल्याकडे रविवारी पहाटे साडेपाचला उमटते. शनिवारच्या रकान्यात शोधून काय उपयोग? थंडीत तीच साडेसहाला येते, कारण तिकडे घड्याळे फिरवितात. हसू नये; 1955 पर्यंत खुद्द मुंबई देशाच्या वेळेपेक्षा 39 मिनिटे मागे असलेली स्वतःची वेळ पाळीत होती.

फाईल उघडून नोंद आपल्या हाताने कॅलेंडरात घालता येते. मात्र त्याने बोलावणाऱ्यास उत्तर जातेच असे नाही, आणि पुढे त्याने वेळ बदलली तर आपली नोंद जुनीच राहू शकते. म्हणून दोन ओळींचे उत्तर निराळे लिहावे. बोलावणाऱ्यांनीही तारीख, वार, वेळ, वेळ कोणत्या देशाची आणि बैठकीचा दुवा हे सारे पत्राच्या मजकुरातच साध्या अक्षरांत लिहावे. फाईल बिघडली तरी ती ओळ वाचता येते.