मेणबत्तीची ज्योत आणि तळवड्याची आग



आमचे आयुष्य कामगारांच्या सभांत घसा कोरडा करण्यात गेले. शाळा लवकर सुटली. पुढे जे शिकलो ते वाचनालयातून आणि कारखान्यातल्या जाणत्या माणसांकडून. अशाने विज्ञानावर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. पण हा विषय ज्याने गाजविला तो मायकेल फॅरडेही लोहाराचा मुलगा. बुकबाइंडरकडे उमेदवारी करताना, बांधणीला आलेली पुस्तके वाचून तो शिकला. 1860-61 च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एका मेणबत्तीवर त्याने मुलांपुढे सहा व्याख्याने दिली. त्यानेच 1831 साली शोधलेल्या तत्त्वावर आपल्या वलवणच्या तलावाचे पाणी खोपोलीस उतरून वीज देते. 1915 पासून मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. गिरण्या गेल्या, तलाव आहे.

आता सांगा, मेणबत्तीत जळते काय? वात म्हणावी, तर एवढासा धागा तासन्‌तास कसा पुरतो? मेण म्हणावे, तर मेणाच्या गोळ्याला काडी लावून पाहा. वितळेल, पेटणार नाही. ज्योतीच्या आचेने मेण वितळते, टीपकागदात शाई चढावी तसे वातीतून वर चढते आणि टोकाशी त्याची वाफ होते. जळते ती ही वाफ. खोटे वाटत असेल तर मेणबत्ती फुंकून विझवा आणि वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला, वातीला न शिवता, पेटती काडी दाखवा. ज्योत धुरावरून खाली उडी घेऊन वातीवर बसते. धूर म्हणतो ती वाफच थिजलेली असते.

ज्योतीच्या पोटात वातीभोवती काळसर जागा दिसते. तेथे वाफ आहे, पण हवा पोचत नाही. जळण होते ते कडेला, जेथे आतली वाफ आणि बाहेरचा प्राणवायू भेटतात. पिवळा उजेड मात्र काजळीच्या तापलेल्या कणांचा. त्यात चमचा धरला की काळा होतो. ज्योतीवर क्षणभर थंड लोटी धरली तर तिच्यावर दव येते, कारण मेण जळून पाणी आणि कर्बवायू होतात. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, खालून ताजी येते, म्हणून ज्योत निमुळती. अंतराळयानात हवेला वजनच जाणवत नाही. तेथे ज्योत गोल आणि निळसर झालेली शास्त्रज्ञांनी पाहिली आहे.

म्हणजे मेण मिळते ते वातीच्या बेताने, प्राणवायू मिळतो तो हवेच्या बेताने. दोघेही हात आखडून देतात, म्हणून मेणबत्ती शांतपणे जळते. पेला पालथा घाला, विझते.

हे सारे सांगण्याचे कारण जवळच घडले. लोणावळ्याजवळ उगम पावणारी आपली इंद्रायणी देहूच्या पुढे गेली की तळवडे लागते. 8 डिसेंबर 2023 रोजी तेथे, केकवर ठिणग्या उडविणाऱ्या वाढदिवसाच्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागून कामगार जळून मेले. त्यांत बहुतेक बायका होत्या. सगळीकडे ‘मेणबत्तीचा कारखाना’ असे छापून आले. आमचे भांडण या शब्दाशी आहे. ठिणग्या उडतात त्या मेणाच्या नव्हेत. ती फुलबाजीच्या जातीची दारू असते. तिच्यात धातूची पूड आणि प्राणवायू पोटात बाळगणारा क्षार एकत्र कालवलेले असतात. तिला वातीची वाट पाहावी लागत नाही, हवेची तर नाहीच. वर पेला पालथा घाला, घोंगडी टाका, ती जळतच राहते. केकवरची चिमूटभर दारू अर्ध्या मिनिटात संपते. तीच खोलीत पोत्यांनी असली तर पळायला तेवढाही अवधी मिळत नाही.

घरातून निघताना बाई सांगते, ‘मेणबत्त्यांच्या कामाला जाते.’ ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे देवघरातली ज्योत येते. तिच्या हाताखालचा माल कोणता, त्यात क्षार आहे काय, एका वेळी खोलीत किती किलो ठेवतात आणि दुसरे दार कोठे उघडते, हे मालकाने तिला कामाच्या पहिल्या दिवशी, तिला कळणाऱ्या भाषेत, भिंतीवर लिहून दाखवले पाहिजे. आमच्या मते एवढे लिहायला एक फळा आणि खडू पुरतो.